वेळापत्रकात आपलं नाव

मे महिन्यात नागपूरचे रस्ते दुपारी एकपासून चारपर्यंत ओस पडतात. पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो, आणि एकदा नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की विचारायलाच नको. भाजीवाले हातगाडीवर ओलं पोतं टाकून झाडाखाली सरकतात, दुकानांची शटरं अर्धी खाली येतात, घराघरांतून कूलरचा आवाज तेवढा येत राहतो. माझ्या लहानपणी महाल भागातल्या आमच्या घरात या तीन तासांना एक शिस्त होती. जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला की आई बैठकीत फरशीवर चटई टाकून आडवी व्हायची. आम्हा पोट्ट्यांना सक्त ताकीद असायची, झोप येत नसेल तर पुस्तक वाचा, पण आवाज करायचा नाही. कोणी कडी वाजवली तर आजी दारातूनच सांगायची, "चार वाजता ये बाई, ती झोपली आहे." आईला कामं काही कमी नव्हती. उन्हाळ्यात पापड-कुरडया, सरगुंड्या, वर्षभराची तिखट-हळद, आल्यागेल्याचं चहापाणी, सगळं तिच्याच अंगावर. पण दुपार तिची होती, आणि ती तिची आहे हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

माझ्या पिढीच्या दिवसातून ही दुपार गेली. कॉलेजात, बँकेत, आयटी पार्कात एसी असतो, त्यामुळे बाहेर आग ओकत असली तरी काम थांबत नाही. उन्हाने सक्तीने दिलेली ती विश्रांती गेली, आणि तिच्या जागी दुसरं काही आलं नाही. घरी परतल्यावर लेकरांचा अभ्यास, स्वयंपाक, उद्याचे डबे. नोकरी करणारे आईबाप म्हणजे बारा-चौदा तास उभे असलेले दोन माणसं, असंच चित्र माझ्या आजूबाजूला दिसतं. त्यात विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटी उघडतात, उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा आठ-पंधरा दिवस उशिरा. मुलांना ते हवंच असतं, आणि उन्हाचं मान पाहता बरोबरही आहे. पण ज्या घरात दोघंही कामावर जातात तिथे एवढी लांब सुटी कशी भागवायची, हा प्रश्न एप्रिलपासूनच डोक्यात सुरू होतो.

स्वतःची काळजी घ्या, स्वतःसाठी वेळ काढा, असं हल्ली सगळीकडून सांगितलं जातं. पहाटे पाचला उठा, डायरी लिहा, ध्यान करा, महिन्यातून एकदा पार्लरला जा. या सल्ल्यांतलं काही वाईट नाही. मला खटकतं ते एवढंच, की हे सगळं त्या एकट्या माणसाला उद्देशून असतं, जणू तिने किंवा त्याने मनावर घेतलं की झालं. चार वर्षांचं मूल घरात असेल तर आईला पंधरा मिनिटं तेव्हाच मिळतात, जेव्हा त्या पंधरा मिनिटांत त्या मुलाजवळ दुसरं कोणीतरी असतं. बापाचंही तसंच. म्हणून मला वाटतं, आईबापांची काळजी ही आधी घराने बसून ठरवायची गोष्ट आहे. कोण, कधी, कोणाला मोकळं करणार, हे ठरलं की बाकीच्या सवयी सोप्या होतात. ते ठरलं नाही तर कितीही चांगली सवय आठवड्याभरात मोडते, आणि वर अपराधी वाटतं ते वेगळंच.

हे मी नुसतं भावनेच्या भरात म्हणत नाही. केंद्र सरकारने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराचं सर्वेक्षण केलं. आपल्या घरचं काम करणाऱ्या बायका त्या बिनपगारी कामाला दिवसाचे सरासरी २९९ मिनिटं देतात, आणि जे पुरुष घरकामात हात घालतात ते ९७ मिनिटं, असं त्यात दिसलं. पाच तास आणि दीड तास. घरातल्या माणसांची देखभाल, म्हणजे लेकरांचं, म्हाताऱ्यांचं बघणं, ते याखेरीज वेगळं मोजलेलं आहे, आणि तिथेही बायकांचा वाटा जवळपास दुप्पट आहे. या आकड्यांसमोर एखाद्या बाईला 'तू स्वतःसाठी वेळ काढ' म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. तिने तो कुठून काढायचा?

खरं तर आपल्या घरांना हे जमतं. बाळंतिणीचा सव्वा महिना आठवून पाहा. सकाळी मालिशवाली मावशी येते, आईला आणि बाळाला तेल लावते, कढत पाण्याने न्हाऊ घालते, शेक देते. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाळंतशोप, ताज्या भाकरीवर तूप, सगळं तिच्या हातात आणून दिलं जातं. बाळ झोपलं की 'तूही पड जरा' असं कोणीतरी म्हणतंच. ते म्हणणारं माणूस नुसतं म्हणून थांबत नाही, दुपटी धुवायला नेतं. त्यातल्या काही चालीरीती आता डॉक्टर नको म्हणतात, कोंडलेल्या खोलीतली धुरी तर बंदच झालेली बरी. पण एका बाईने चाळीस दिवस फक्त बरं व्हायचं आणि बाकी घराने तिच्याभोवती उभं राहायचं, ही समज किती शहाणी आहे! माझ्या दोन्ही बाळंतपणांत ती मला माहेरी मिळाली. मग सव्वा महिना संपतो, ओटी भरून आपण घरी येतो आणि दुसऱ्या दिवशीपासून सगळं पूर्ववत. मूल मात्र रात्री उठतच असतं, पुढची दोन-तीन वर्षं.

आम्ही सुभाषनगरला राहतो. मी धरमपेठेकडच्या एका कॉलेजात शिकवते, नवरा हिंगणा एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करतो. फर्स्ट, सेकंड आणि नाइट, आठवड्याला बदलणाऱ्या. थोरली चौथीत, धाकटा केजीत. त्याच्या शिफ्टचा कागद आला की आम्ही रविवारी रात्री फ्रिजवर लावलेल्या वेळापत्रकात तो आठवडा लिहून काढतो. आधी त्यात मुलांचंच सगळं असायचं, चित्रकलेचा क्लास, लसीची तारीख, शाळेची मीटिंग. आता त्यात आमची दोघांची नावंही असतात. त्याची फर्स्ट असेल त्या आठवड्यात संध्याकाळी सहा ते साडेसहा माझी. त्याची नाइट असेल तर तो सकाळी घरी आल्यापासून दुपारी एकपर्यंत घरात कोणी त्याला उठवायचं नाही, कुरियरवाला आला तरी नाही. सेकंड शिफ्टचा आठवडा सगळ्यात अवघड. तेव्हा संध्याकाळ माझ्या एकटीवर येते, म्हणून त्या आठवड्यात माझा अर्धा तास सकाळी मुलं शाळेत गेल्यावर आणि कॉलेजला निघायच्या आधी. त्या वेळात तो घरी असतो आणि भाजी चिरणं, डबा भरणं त्याच्याकडे.

त्या अर्ध्या तासाचा एकच नियम आहे. त्यात काय केलं हे विचारायचं नाही. मी कधी खाली फिरते, कधी नुसती गच्चीवर बसते, कधी मैत्रिणीला फोन लावते. आणि ज्याची पाळी मुलांजवळ असायची आहे त्याने दुसऱ्याला हाक मारून 'धाकट्याची निळी चड्डी कुठे आहे' असं विचारायचं नाही, स्वतः शोधायची. ही चड्डीची गोष्ट ऐकायला किरकोळ वाटेल. पण कोणती वस्तू कुठे आहे, दूध कधी संपणार, कोणाच्या वाढदिवसाला काय न्यायचं, हे सगळं डोक्यात ठेवायचं काम एकाच माणसाकडे असेल तर त्या माणसाला बाहेर फिरतानाही विश्रांती मिळत नाही. ते कामही वाटून घ्यावं लागतं. आमच्याकडे आता दूध, किराणा आणि शाळेचा व्हॉट्सअॅप ग्रुप नवऱ्याकडे आहे, पूर्णपणे. शाळेतून कोणती सूचना आली हे मला त्याच्याकडूनच कळतं.

जेवणाबद्दल मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण माझ्या मते आईबापांच्या तब्येतीची निम्मी गोष्ट इथेच आहे.

आमच्याकडे स्वयंपाकाला मदत करायला एक ताई येतात, मूळच्या उमरेडकडच्या. एकदा त्या मला ओट्याशी उभ्याने पोळी खाताना पाहून म्हणाल्या, "ताई, उभ्याउभ्या काहून खाऊन राहिल्या? बसा ना दोन घास. पोराचं होते, तो काही पळून नाही जात." त्या स्वतः सकाळी साडेपाचला घर सोडतात, चार घरं करतात, आणि दुपारी आपल्या घरी गेल्यावर पहिल्यांदा पोटभर खायच्या. हे त्यांनीच सांगितलं. म्हणून त्या आल्या की आम्ही दोघी आधी बसून नाश्ता करतो, मग काम. कधी तर्रीपोहे, कधी रात्रीच्या पोळ्यांचा कुस्करा, वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर, भुरभुरलेला. दहा मिनिटांचं काम आहे. पण दिवसाचं पहिलं खाणं ताटात वाढून, बसून, चावून खाल्लं की दुपारपर्यंत चिडचिड होत नाही.

रात्रीचं जेवण आम्ही चौघं एकत्र करतो, शिफ्ट जमू देईल तेव्हा. बाईने सगळ्यांना गरम वाढून शेवटी गार खायचं, ही पद्धत मला मनापासून मोडावीशी वाटते, आणि तिच्यामागे प्रेम आहे हे ठाऊक असूनही वाटते. पोळ्या आधी करून डब्यात ठेवल्या, भात कुकरमध्येच राहू दिला, वरण-भाजी मधोमध मांडली की वाढायला कोणी उठावं लागत नाही. ज्याला जे हवं ते त्याने घ्यावं. चार वर्षांचं मूलही लिंबाची फोड उचलून देऊ शकतं. सासूबाई आर्वीहून आल्या की त्यांना सुरुवातीला हे रुचेना, फुलके तव्यावरून ताटात यायला हवेत असं त्यांचं म्हणणं. आता त्या आल्या की त्यांचं ताट मीच आधी मांडते आणि शेजारी माझं. मागच्या दिवाळीला त्या आपल्या बहिणीला सांगत होत्या की सुनेकडे मी पहिल्या पंगतीला जेवते. इतक्या वर्षांत त्यांना पहिल्या पंगतीला कोणी बसवलंच नव्हतं.

आणि पोटात काय जातं तेही पाहायला हवं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्त कमी आढळलं. म्हणजे कोणत्याही हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांत निम्म्याहून जास्त. जिने चढताना लागणारी धाप, केस गळणं, संध्याकाळी अंगात त्राण नसणं, हे सगळं आपण 'पोरांमागे धावून होतं' म्हणून सोडून देतो. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय धरतात, आणि साध्या रक्ततपासणीत तो कळतो. जेवणातून लोह घ्यायचं असेल तर एक गोष्ट फार उपयोगाची आहे. डाळ-पालेभाजीतलं लोह अंगाला लागायला क जीवनसत्त्वाची मदत होते, आणि चहाने त्यात अडथळा येतो. आपल्याकडे जेवण झालं की लगेच अर्धा कप चहा घ्यायची अनेकांना सवय असते. तो चहा तासाभराने घ्यावा आणि जेवणाबरोबर लिंबू पिळावं, आवळा खावा किंवा संत्रं सोलावं. संत्र्यांच्या गावात राहून संत्री फक्त पाहुण्यांसाठी आणि मुलांच्या डब्यासाठी का आणायची? आंबिया बहाराची संत्री हिवाळ्यात येतात, मृग बहाराची उन्हाळ्याच्या तोंडाशी. त्या महिन्यांत आमच्या घरी माणशी एक संत्रं असतं, आणि आईबापही माणसांतच मोजलेले असतात. अर्थात रक्त फारच कमी असेल तर संत्र्याने भागत नाही, डॉक्टर सांगतील त्या गोळ्या घ्यायलाच हव्यात.

पाण्याचं थोडक्यात सांगते. शिकवणाऱ्या, दुकानात उभ्या राहणाऱ्या, फिरतीचं काम करणाऱ्या कितीतरी बायका दिवसभर पाणी कमी पितात, कारण बाहेर धड स्वच्छतागृह नसतं. नागपूरच्या उन्हात हे धोक्याचं आहे. लघवीची जळजळ, डोकेदुखी, चक्कर, सगळं त्यातून येतं. कामाच्या ठिकाणी स्वच्छ स्वच्छतागृह मागणं ही स्वतःची काळजीच आहे, आणि ते सगळ्यांनी मिळून मागितलं तर मिळतं. आमच्या कॉलेजात स्टाफरूमच्या बायकांनी मिळून अर्ज दिला आणि काम झालं. उन्हाळ्यात माझ्या पिशवीत पाण्याची बाटली, थोडं मीठ-साखर-लिंबू आणि एक कांदा असतो. कांद्याने ऊन लागत नाही यावर माझा विश्वास नाही, पण तो आईने दिलेला असतो.

व्यायामाबद्दल एक दिलासा देणारी गोष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करायला सांगते, म्हणजे झपझप चालण्यासारखी. पूर्वी त्यांचा आग्रह असायचा की एका वेळी सलग दहा मिनिटं तरी हवीत. २०२० च्या मार्गदर्शनात ती अट काढून टाकली. चार मिनिटांचं चालणंही धरलं जातं, जिने चढणंही. लहान मुलांच्या आईबापांसाठी हा बदल मोठा आहे. आमच्यासारख्यांना सेमिनरी हिल्सवर तासभर फेरफटका मारायला रोज कोण सोडणार? पण कोपऱ्यावरून भाजी पायी आणणं, धाकट्याला सायकल शिकवताना मागे पळणं, गच्चीवर कपडे वाळत घालायला लिफ्ट सोडून जाणं, हे सगळं मिळून भरतं. मी कॉलेजला मेट्रोने जाते. सुभाषनगर सोडलं की अंबाझरी तलाव दिसतो, पावसाळ्यानंतर काठोकाठ. तेवढा वेळ फोन पिशवीत ठेवायचा असं मी ठरवलेलं आहे, आणि उतरल्यावर सरकता जिना सोडून साध्या जिन्याने खाली यायचं. आठवड्यातून दोनदा स्नायूंना जोर लागेल असंही काहीतरी करायला सांगतात. धाकट्याला पाठीवर घेऊन उठाबशा काढणं हा आमच्या घरातला सगळ्यात लोकप्रिय कार्यक्रम आहे, आणि त्यात नवरा माझ्या पुढे आहे.

बापांबद्दल वेगळं बोलायला हवं, कारण त्यांच्याबद्दल कोणी बोलत नाही. पुरुषाला आपल्याकडे विश्रांतीची एक मान्य जागा आहे, ती म्हणजे पानठेला. कामावरून येताना, रात्री जेवण झाल्यावर, दहा मिनिटं मित्रांमध्ये उभं राहायचं. त्या दहा मिनिटांत जे बोललं जातं ते बायकोजवळही बोललं जात नाही. पोराच्या फीची चिंता, कंपनीतल्या कटकटी, बापाचं दुखणं. मला त्या जागेची किंमत कळते. पण नागपुरात त्या ठेल्यावर हातात असतो खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना, प्लास्टिकमध्ये घोटून घोटून दिलेला. विदर्भातल्या तोंडाच्या कर्करोगाला हा फार मोठा हातभार आहे. तंबाखूचं सगळ्यांना ठाऊक आहे, पण नुसत्या सुपारीलाही आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ च्या अहवालात कर्करोग करणारा पदार्थ म्हणून पहिल्या गटात धरलं आहे. म्हणजे तंबाखू काढून नुसती सुपारी खाल्ली तरी धोका राहतो. नवऱ्याच्या खात्यातल्या एकाचं तोंड उघडेनासं झालं, दोन बोटंही आत जाईनात, तिखट लागलं की आग व्हायची. त्याने खर्रा सोडला, डॉक्टरांकडे जातो आहे, आणि ठेल्यावर अजूनही रोज जातो, सौंफ घेऊन उभा राहतो. मला हे फार मोलाचं वाटतं. त्याने मित्र सोडले नाहीत, गप्पा सोडल्या नाहीत. घरातल्या बायकांनी 'ठेल्यावर जाऊच नका' म्हणून भांडण्यापेक्षा त्याच्या हातातल्या पुडीबद्दल बोलावं. ज्यांना एकट्याने सुटत नाही त्यांच्यासाठी सरकारी दवाखान्यांत तंबाखूमुक्तीचं समुपदेशन मिळतं.

झोपेला मी जरा मागे ठेवलं, कारण लहान मुलांच्या आईबापांना झोपेवर सल्ला देणं सगळ्यात अवघड आहे. मोठ्या माणसाला रात्री सात तास तरी झोप लागते, हे वाचून ज्या आईचं बाळ दर तीन तासांनी उठतं तिने काय करायचं? तिथे सोय एकच, रात्र वाटून घ्यायची. नऊ ते दोन एकाने, दोन ते सहा दुसऱ्याने. सलग चार-पाच तास झोप मिळालेली आई आणि तुकड्यातुकड्यांत आठ तास पडून राहिलेली आई, यांच्या दुसऱ्या दिवसात खूप फरक असतो, हे आम्ही दोघांनी अनुभवलं आहे.

मुलं जरा मोठी झाल्यावर दुसराच प्रकार सुरू होतो. मुलं दहाला झोपतात आणि आईबाप एक वाजेपर्यंत फोनवर. याला कोणी आळशीपणा म्हणू नये. दिवसभरात आपला म्हणावा असा तेवढाच वेळ हातात आलेला असतो, तो सोडवत नाही. डोळे मिटले की लगेच सकाळ होणार, हेही माहीत असतं. माझा अनुभव असा, की ज्या दिवशी संध्याकाळचा माझा अर्धा तास मला नीट मिळतो त्या दिवशी रात्री फोन धरून बसावंसं वाटत नाही. म्हणून 'रात्री फोन दूर ठेवा' सांगण्याआधी संध्याकाळ मोकळी करून द्यायला हवी. दुसरं म्हणजे चहा-कॉफी. त्यातल्या कॅफिनचा निम्मा भाग पाच तासांनंतरही शरीरात असतो, त्यामुळे संध्याकाळी सातचा कडक चहा रात्री बारापर्यंत आपलं काम करतो. आमच्या घरी पाचनंतर चहा नाही. नाइट शिफ्टच्या आठवड्यात नवऱ्याला यातून सूट, पण पहाटे तीननंतर तोही घेत नाही, म्हणजे घरी येऊन झोप लागते. दिवसा झोपणाऱ्याच्या खोलीला जाड पडदा हवा, आणि उन्हाळ्यात कूलरमध्ये सकाळीच पाणी भरून ठेवायचं काम माझं.

एक शेल्फ सगळ्या घरांत असतं, मुलांच्या फाइलींचं. लसीकरणाचं कार्ड, उंची-वजनाच्या नोंदी, कोणत्या औषधाने पुरळ आलं होतं. त्याच शेल्फवर आईची आणि बापाची एकेक फाइल ठेवावी. वर्षातून एकदा रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, दात. रक्तदाब १४०-९० च्या वर सतत येत असेल तर काहीही होत नसलं तरी डॉक्टरांकडे जायचं, कारण तो मुकाट्याने वाढतो. सरकारी कार्यक्रमात तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी दर पाच वर्षांनी करायला सांगितली आहे आणि सरकारी आरोग्य केंद्रांत ती मोफत आहे. मी आणि माझ्या दोन मैत्रिणी एकाच दिवशी गेलो. एकटीने जायला संकोच वाटतो, तिघी असल्या की वाटत नाही. परत येताना बर्डीवर पाटोडी-रस्सा खाल्ला.

मनाचंही दुखणं असतं. बाळंतपणानंतर आठवडेच्या आठवडे रडू येत राहणं, मुलाजवळ जावंसं न वाटणं, मरणाचे विचार येणं, याला नजर लागली किंवा माहेरची आठवण येते असं म्हणून घरच्यांनी सोडू नये. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मदतवाहिनी १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. १४४१६ हा तिचा क्रमांक, फोन मोफत, दिवसरात्र चालू, मराठीत बोलता येतं. बापांनीही करावा. हा नंबर आमच्या फ्रिजवर वेळापत्रकाच्या खाली लिहिलेला आहे, गॅसवाल्याच्या आणि इलेक्ट्रिशियनच्या नंबरांजवळ. तो तिथे असला की विचारायला अवघड जात नाही.

आता ज्या घरात दुसरं माणूसच नाही, तिथे काय? नवरा बाहेरगावी आहे, किंवा गेलेला आहे, किंवा वेगळे राहतात, सासर-माहेर दोन्ही लांब. आमच्याच इमारतीत अशी एक आई आहे, बुटीबोरीला रोज जाऊन येऊन नोकरी करणारी. तिच्यासाठी आणि खरं तर आम्हा सगळ्यांसाठीच इमारतीतल्या चार घरांनी मिळून संध्याकाळ वाटून घेतली आहे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असं करत एक तास चारही घरची मुलं एका ठिकाणी. तिथे फक्त खेळायचं, सोबतीला मुरमुरे-फुटाणे. बाकी तीन घरांतल्या मोठ्यांना तो तास मोकळा. शुक्रवारी खालच्या मजल्यावरच्या काकूंनी स्वतःहून पाळी मागून घेतली, त्यांची नातवंडं पुण्याला आहेत. त्या मुलांना अष्टाचंग शिकवतात आणि हरल्यावर रडायचं नाही असा दम देतात. बुटीबोरीवाली पहिल्या आठवड्यात तो तास घर आवरण्यात घालवायची. काकूंनी तिला बजावलं, "घर आवराले नाही दिला तुले हा टाइम. झोप नाही तं फिराले जा." आता ती खाली पारावर बसते, कधी चप्पल काढून नुसती.

या सोयीसाठी पैसे लागले नाहीत, पण बोलावं लागलं. कोणत्या मुलाला शेंगदाणा चालत नाही, कोणाला टीव्ही लावायचा नाही, कोण मारतं आणि मारलं तर काय करायचं, हे आधी स्पष्ट केलं. एका घरच्यांना मुलींना दुसऱ्यांकडे पाठवायची धाकधूक होती, म्हणून ठरलं की दार उघडं ठेवायचं आणि कोणत्याही आईबापाने कधीही डोकावावं. ती धाकधूक रास्त आहे आणि तिचं कोणी वाईट वाटून घेतलं नाही.

आता जूनच्या शेवटी शाळा उघडतील. थोरलीची वेळ बदलणार आहे आणि धाकट्याची व्हॅन संध्याकाळी उशिरा येणार, त्यामुळे सहाचा तास साडेसहावर न्यावा लागेल. काकूंची साडेसहाची वेळ भजनाची असते. शुक्रवार कोणी घ्यायचा, ते येत्या रविवारी चारही घरं बसून ठरवणार आहोत. नवऱ्याची त्या आठवड्यात फर्स्ट आहे, तो म्हणतो मी घेतो.